तीन दारे : 'दि इनर लाइट' या गीताचा एक विचार

ऐतिहासिक पुरुषावर रचलेले गीत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम पोवाडा उभा राहतो. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर रचलेल्या पोवाड्यापासून जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवछत्रपतींवर रचलेल्या पोवाड्यापर्यंत या प्रकाराची रीत बहुतांशी ठरलेली आहे. नायकाचे नाव प्रारंभी घ्यावयाचे, त्याचे कुळ व काळ सांगावयाचा, त्याची करणी चढत्या आवाजात वर्णावयाची आणि अखेरीस शाहिराने आपले नाव गुंफावयाचे, अशी ती रीत. तीत नायकाच्या करणीला महत्त्व असते, त्याच्या वाणीला क्वचितच. परंतु इतिहासातील पुरुषाकडे वळण्याचा आणखीही एक मार्ग आहे. त्याचे नाव न घेता, त्याच्या आयुष्यातील एकही प्रसंग न सांगता, त्याचे एखादे वचनच उचलावयाचे आणि ते आपल्या तोंडून पुन्हा म्हणून पाहावयाचे. हा मार्ग दिसावयास सोपा, पण वस्तुतः अधिक कठीण आहे. करणीचे वर्णन दुसऱ्याने केले तरी चालते. वचन मात्र उच्चारले की उच्चारणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. या दृष्टीने इंग्लंडमधील बीटल्स या रॉक बँडचे एक अल्पपरिचित गीत विचारात घेण्याजोगे आहे. त्याचे नाव 'दि इनर लाइट', म्हणजे अंतरीचा प्रकाश.

हे गीत १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना' या गाण्याच्या तबकडीच्या मागील बाजूवर प्रसिद्ध झाले. तबकडीच्या मागील बाजूचे गाणे म्हणजे पंगतीच्या टोकाला बसलेला पाहुणा. त्याला वाढले जाते, पण त्याच्याकडे लक्ष कोणाचेच नसते. त्या काळच्या बीटल्सच्या कोणत्याही दीर्घ तबकडीत त्याला स्थान मिळाले नाही. पुढे निघालेल्या संकीर्ण संग्रहांतून ते टिकून राहिले. रचना जॉर्ज हॅरिसन याची. बँडच्या छोट्या तबकडीवर त्याची रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. गीताची लांबी अडीच मिनिटांहून थोडी अधिक आणि शब्द एका लहान पानावर मावतील इतकेच. एवढ्या लहान वस्तूवर लेख लिहावा काय, अशी शंका कोणी घेतल्यास आपल्या वाङ्मयातील पुष्कळसे थोर धन चार चरणांच्या अभंगांत साठवलेले आहे, एवढेच उत्तर पुरे.

ज्याच्या वचनावर हे गीत उभे आहे तो पुरुष म्हणजे चीनचा लाओ-त्से. परंपरा त्याला ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात, कन्फ्यूशियसचा ज्येष्ठ समकालीन म्हणून बसवते आणि चौ राजघराण्याच्या ग्रंथागाराचा तो रक्षक होता असे सांगते. आधुनिक संशोधक यांपैकी बऱ्याच गोष्टींविषयी साशंक आहेत, आणि त्याच्या नावावरील 'ताओ-ते-चिंग' हा ८१ प्रकरणांचा ग्रंथ एकहाती नसावा असेही अनेकांचे मत आहे. नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना कितपत मिसळली, हा वाद ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटावयाचे कारण नाही. ख्रिस्तपूर्व १०० च्या सुमारास सिमा छ्येन या इतिहासकाराने लाओ-त्सेची जी कथा नोंदवली, ती मात्र प्रस्तुत विषयास फार उपकारक आहे. राज्याची अवनती पाहून हा वृद्ध ज्ञानी देश सोडून निघाला. सरहद्दीवरच्या नाक्यावरील रक्षकाने त्याला थांबवले आणि जाण्यापूर्वी आमच्यासाठी काही लिहून ठेवा अशी विनंती केली. त्याने सुमारे ५००० अक्षरांचा ग्रंथ लिहून दिला आणि तो वेशीबाहेर गेला. पुढे त्याचे काय झाले हे कोणालाही कळले नाही.

त्या ग्रंथाचे ४७ वे प्रकरण हा या गीताचा आधार. त्याचा सारांश असा, की जगाचे आणि आकाशाचे ज्ञान घरात राहूनही होऊ शकते. दूरदूरच्या भ्रमंतीने ते वाढण्याऐवजी उणावते. आणि ज्ञानी पुरुष जाणे, पाहणे व करणे यांच्या खटाटोपावाचूनच जाणतो, ओळखतो आणि सिद्धीस नेतो. या वचनाने स्वतः मात्र पुष्कळ प्रवास केला आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे आणि येथील लोकांचे वर्णन करणारा ह्युएनत्संग चीनला परतल्यावर त्याच्याकडे लाओ-त्सेचा ग्रंथ संस्कृतात आणण्याचे काम आले. कामरूपच्या राजाने त्याची मागणी केली होती. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. त्यानंतर सुमारे १३०० वर्षांनी हे वचन गीतरूपाने भारतात आले ते इंग्रजीतून, आणि ते हॅरिसनच्या हाती देणाराही एक संस्कृतज्ञच होता. मायोर्का बेटावर जन्मलेले आणि केंब्रिज येथे शिकवणारे हुआन मास्कारो यांनी भगवद्गीतेचा (१९६२) आणि निवडक उपनिषदांचा (१९६५) इंग्रजी अनुवाद केला होता. जगातील निरनिराळ्या धर्मांतील वचनांचा 'लॅम्प्स ऑफ फायर' हा त्यांचा संग्रह १९५८ चा. १९६७ साली त्यांनी हॅरिसनला पत्र लिहून त्यातील लाओ-त्सेच्या वचनाला चाल लावावी असे सुचवले. गीताचे नावही मास्कारोंच्याच संग्रहातले आहे. मूळ चिनी प्रकरणात दार आहे, खिडकी आहे, पण प्रकाश कोठेच नाही. उपनिषदांच्या अनुवादकाला तेथे अंतर्ज्योती दिसावी, हे त्याच्या व्यासंगाला धरूनच झाले.

आता शब्दांकडे वळू. मूळ चिनी वचनात सर्वनाम नाही. कोणाचे दार, कोणाची खिडकी, हे तेथे सांगितलेलेच नाही. त्या भाषेच्या प्रकृतीत ते खपते. इंग्रजीत मात्र दाराला धनी लागतो. मास्कारोंनी तेथे प्रथमपुरुष योजला. दार 'माझे' झाले. त्याबरोबर वचनाची जातच बदलली. जे एक सामान्य सत्य होते ते आत्मानुभवाचे निवेदन झाले. मास्कारोंच्या अनुवादात शेवटी पुन्हा तृतीयपुरुषी ज्ञानी पुरुष येतो आणि तो दावा थोडा सावरून घेतो. हॅरिसनने येथे दोन फरक केले. एक, पहिल्या कडव्यानंतर तेच कडवे त्याने पुन्हा घेतले, पण 'माझे' या ठिकाणी 'तुझे' घातले. दोन, शेवटच्या भागातून ज्ञानी पुरुषाला त्याने वगळले आणि त्याच्या तीन गुणांची थेट तीन आज्ञार्थी वाक्ये केली. पहिल्या फरकाचे कारण त्याने आपल्या आत्मपर ग्रंथात सांगून ठेवले आहे: गैरसमज होऊ नये, गीत थोडे लांबावे आणि त्यात सर्वांचा समावेश व्हावा. कारागिराने दिलेले हे साधे कारण आहे. परंतु माझ्या मते या गीताचे सारे मर्म त्या एका सर्वनामात आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी त्याच्या संगीताविषयी थोडे सांगणे अवश्य आहे.

हे संगीत मुंबईत बांधले गेले. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईस आला होता आणि तेथील एच. एम. व्ही. च्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने हे काम केले. त्यासाठी भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन पट्ट्यांवर ध्वनी घेणारे यंत्र आणवले. चित्रपटाच्या त्या तबकडीवर सरोदवादक आशीष खाँ, संतूरवादक शिवकुमार शर्मा, पखवाज व तबला वाजवणारे महापुरुष मिश्र, बासरीवादक एस. आर. केंकरे अशी नावे आढळतात. त्याच दिवसांत या गीताचाही वाद्यमेळ बांधला गेला. त्यातले सरोद आशीष खाँ यांचे. आशीष खाँ हे मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू, आणि मध्य प्रदेशातील त्या लहानशा गावच्या घराण्याचा स्वर या रॉक गीताच्या पोटात आहे, ही गोष्ट आम्हा या प्रांतीच्या लोकांना विसरता येत नाही. हॅरिसनचा आवाज फेब्रुवारीत लंडन येथे त्यावर चढवण्यात आला.

गीताची घडण दोन गतींची आहे. आरंभी सरोद आणि पखवाज द्रुत लयीत धावतात. मग लय एकदम उतरते आणि गायक संथपणे, जवळजवळ बोलल्यासारखा, शब्द म्हणतो. बासरी त्याच्या मागून चालते आणि पेटी त्याला आधार देते. कडवे संपले की पुन्हा धावपळ. बाहेर रहदारी आणि घरात निवांतपणा, अशी ही योजना मानली तर दार उघडल्यामिटल्याचा भास नुसत्या लयीतून होतो. बँडमधील पॉल मॅकार्टनी याने त्या काळी श्रोत्यांना सुचवले होते, की भारतीय संगीत बाजूस ठेवा आणि चालीकडे लक्ष द्या, चाल फार सुंदर आहे. चाल सुंदर आहेच. पण संगीत बाजूस ठेवले तर गीताचा अर्धा अर्थही बाजूस पडतो. आमच्या पांढुर्णा-सौसरच्या भागात एकादशीच्या भजनास बसणाऱ्या माणसाला पेटी-पखवाजाचे हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. द्रुत लयीत गजर आणि विलंबित लयीत अभंगाचा चरण, ही त्याच्या रोजच्या ओळखीची घडण आहे. आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. मुंबईचे ते ध्वनिमुद्रणगृह बाहेरच्या आवाजापासून पुरते बंदिस्त नव्हते. तेथे मुद्रित केलेल्या संगीतात कान देऊन ऐकल्यास रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असे हॅरिसननेच पुढे सांगितले. दार न ओलांडण्याचा उपदेश करणारे गीत अशा खोलीत बांधले गेले, की जिचे दार लावूनही जग आत येत होते.

या गीतावर घेतला जाणारा पहिला आक्षेप सर्वांना सुचण्यासारखा आहे. अवघ्या २४ वर्षांच्या तरुणाने, ज्याने तोवर निम्मे जग विमानाने पालथे घातले होते, लंडनहून मुंबईस येऊन सांगावे की प्रवासाने ज्ञान उणावते, यात विसंगती नाही काय? शिवाय गीत प्रसिद्ध झाले तेव्हा हाच गायक ध्यानसाधनेसाठी हृषीकेशच्या आश्रमात होता. विसंगती आहे. पण तीच विसंगती मूळ कथेतही आहे. घर न सोडण्याचे वचन लाओ-त्सेने लिहिले ते घर सोडून जाताना, सरहद्दीच्या नाक्यावर, एका पहारेकऱ्याच्या आग्रहावरून. तो दारातून बाहेर पडला नसता तर हे वचन आपल्याला मिळालेच नसते. तेव्हा या वचनाचा अर्थ पाय घरात ठेवण्यापुरता नाही हे उघड आहे. भ्रमंतीने थकलेल्या माणसाला भ्रमंतीची मर्यादा कळते आणि मग हे वचन त्याच्या तोंडी शोभू लागते. तुकोबांसारख्याने देहूच्या डोंगरावर बसून एकांताचे सुख गाइले तर ते आपण मानतो, कारण त्यामागे दुष्काळ, दिवाळे आणि संसाराची राख उभी आहे. हॅरिसनच्या मागे एवढे मोठे दुःख नव्हते. कीर्तीचा कंटाळा होता. त्याचा अधिकार लहान होता, पण खोटा नव्हता, असे म्हणणे न्याय्य होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मराठी माणसाने तो घेतलाच पाहिजे. दाराबाहेर न जाताही सारे कळते, हे म्हणावयाचे कोणी? ज्याला बाहेर जाता येते त्याने म्हटले तर तो वैराग्याचा उद्गार होतो. ज्याला कोणी जाऊच दिले नाही त्याला हे ऐकवले तर ती चेष्टा होते. आपल्या संतवाङ्मयात दाराचा प्रश्न चोखामेळ्याने सोसला आहे. पंढरीच्या महाद्वारापाशी तो उभा राहिला. आत जाण्याची त्याला मनाई होती. विठ्ठलाचे दर्शन अंतरात झाले अशी ग्वाही त्याचे अभंग देतात, आणि त्या ग्वाहीचे मोल कोणत्याही तत्त्वज्ञानाहून अधिक आहे. पण त्या ग्वाहीमुळे बंद दाराचा अन्याय कमी होत नाही. अंतरात देव भेटला, मग देवळात जाण्याचे काय काम, असे जर कोणी चोखोबाला म्हणाला असता, तर लाओ-त्सेचे वचन आणि पुजाऱ्याचा अडसर एकाच बाजूला जाऊन बसले असते. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. म्हणून या गीताचे मूल्य ठरवताना दार कोणी लावले, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

लाओ-त्सेचे दार त्याचे स्वतःचे आहे; ते उघडे ठेवणे वा लावणे त्याच्या इच्छेवर आहे. चोखोबाचे दार दुसऱ्यांनी लावलेले आहे. आपल्या परंपरेत एक तिसरेही दार आहे. जनांनी केलेल्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांना आळवले, अशी आख्यायिका 'ताटीच्या अभंगां'मागे आहे. ज्ञानेश्वरांना बाहेर जाऊन शिकावयाचे काही उरले होते काय? लाओ-त्सेच्या कसोटीस जर कोणी उतरेल तर ते तेच. तरीही मुक्ताई त्यांचे दार लागलेले राहू देत नाही. तिचे म्हणणे असे, की संताने जगाचा राग सोसावा, क्षमा धरावी आणि लोकांत यावे. आत कोंडून घेतलेले ज्ञान पुरे नव्हे. वयाने धाकटी असूनही ती येथे वडीलकी घेते, आणि तिचा अधिकार प्रेमाचा आहे. जगातील एका थोर वचनाने सांगितले की जाणण्यासाठी दाराबाहेर जावे लागत नाही. मुक्ताई त्याला पूरक असे दुसरे अर्धे सत्य सांगते: जाणल्यावर मात्र दार उघडावे लागते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे हॅरिसनच्या सर्वनामाचे महत्त्व ध्यानी येते. पहिले कडवे 'माझे' म्हणते तोवर गायक ताटी लावून बसलेला आहे. त्याला सारे कळले असेल; ऐकणाऱ्याला त्याचे काय? दुसऱ्या कडव्यात शब्द तेच, चाल तीच, फक्त दार 'तुझे' होते, आणि ताटी उघडते. गायक आपले ज्ञान मिरवीत नाही; तुझ्याही घरात हे आहे, असे सांगतो. अभंगकार शेवटी आपली नाममुद्रा उमटवतो. येथे गायक नेमक्या त्याच जागी स्वतःला पुसून टाकतो आणि श्रोत्याला बसवतो. हे त्याने फार विचार करून केले नसेल. त्याने सांगितलेले कारण साधेच आहे. पण चांगल्या रचनेत रचणाऱ्याच्या हेतूहून अधिक अर्थ येऊन बसतो, हे काव्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

शेवटचा भाग मला तितका साधलेला वाटत नाही. ज्ञानी पुरुषाची लक्षणे आज्ञार्थात घातल्याने गीताला उपदेशाचा ताठरपणा येतो. न करता सर्व करणे, ही स्थिती कोणाच्या सांगण्याने येत नाही. गीतेतील अकर्माचा विचार ज्ञानेश्वरांनी दृष्टांतामागून दृष्टांत देऊन उलगडला, कारण तो नुसत्या आज्ञेने पोहोचणारा नव्हे हे त्यांना ठाऊक होते. हॅरिसनजवळ दृष्टांत नव्हता. त्याने तीन आज्ञा दिल्या आणि गीत संपवले. या जागी शब्द तोकडे पडतात आणि त्यांना आधार मिळतो तो वाद्यांचा, तसाच अखेरीस त्याच्या आवाजात मिसळणाऱ्या दोन सहकाऱ्यांच्या आवाजांचा. एकट्याने आरंभलेले वचन शेवटी तिघांच्या तोंडी येते, हा योग मात्र चांगला आहे.

हे सारे आज सांगण्याचे आणखी एक कारण आहे. दाराबाहेर न जाता जगाचे ज्ञान, ही आता ज्ञानी पुरुषाची सिद्धी राहिली नाही. प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलची ती जाहिरात झाली आहे. २०२० साली शाळांची दारे लागली तेव्हा घरबसल्या शिक्षणाचा पुष्कळ गौरव झाला. पण लाओ-त्सेच्या वचनाचा हा अर्थ नव्हे. मोबाइलवर बोट फिरवणाऱ्याचे पाय घरात असतात आणि मन हजार कोस भटकत असते; दूर जाण्याने ज्ञान उणावते ही त्या वचनातील तक्रार त्यालाच अधिक लागू पडते. शिवाय ज्या घरात मोबाइल एकच आणि लेकरे तीन, त्या घराचे दार कोणी लावले, हा चोखोबाचा प्रश्न तेव्हाही उरलाच होता.

पांढुर्णा-सौसरच्या मराठी माणसाला हा विषय विशेष जवळचा वाटावा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातले जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. भाषेची सीमा होती तेथेच आहे. आम्ही उंबरठ्यावरचे लोक आहोत. दरवर्षी आमची मुले इटारसी-नागपूर लोहमार्गाने शिक्षणास आणि पोटास बाहेर जातात. घरी बसा, अंतरात सारे आहे, असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणाही गुरुजीला नाही. आणि बाहेर गेलात म्हणजेच तुम्हाला काही कळेल, तुमच्या गावात, तुमच्या आजीच्या ओव्यांत, तुमच्या मराठीत जाणण्याजोगे काही नाही, असे सांगण्याचाही अधिकार नाही. या दोन्ही चुकांच्या मधून वाट काढावयाची, तर आधी मूल बाहेर जाऊ शकले पाहिजे आणि मग घराकडे वळून त्याला घरातले दिसले पाहिजे.

'दि इनर लाइट' हे थोर काव्य नाही. त्यात अनुभवाचा विस्तार नाही, आणि त्याचा शेवट उपदेशाकडे झुकतो. परंतु एका दूरच्या पुरुषाचे वचन उसने घेऊन ते स्वतःपाशी न ठेवता पुढच्याच्या हाती द्यावयाचे, एवढे काम त्याने प्रामाणिकपणे केले आहे. पोवाड्यातला शाहीर नायकाची करणी आपल्यासमोर उभी करतो आणि आपण तिच्याकडे मान वर करून पाहतो. या गीतात नायक दिसतच नाही. त्याचे दार तेवढे दिसते, आणि ते पाहता पाहता आपल्या घराचे होऊन जाते. ऐतिहासिक पुरुषाला असेही गाता येते, हे आमच्या नव्या कवींनी आणि नव्या गायकांनी लक्षात घ्यावे.